शब्दप्रधान गायकी आणि वेळेचे बंधन

पेण येथे 1926 साली जन्मलेल्या यशवंत देव यांनी मुंबई आकाशवाणीवर दीर्घकाळ काम केले. तेथे गीत ठरलेल्या मिनिटांतच संपवावे लागे. गाताना स्वराने शब्दाच्या अर्थाशी इमान राखावे, हा त्यांच्या ‘शब्दप्रधान गायकी’ या ग्रंथाचा आग्रह सौंदर्यविषयक मानला जातो. वस्तुतः त्यात पूर्वतयारीचीही एक पद्धती अनुस्यूत आहे.

ख्यालगायकास चुकलेली जागा पुढील आवर्तनात सावरता येते. तीन-चार मिनिटांच्या भावगीतात ती सवड नसते. अवेळी घेतलेला श्वास शब्द तोडतो आणि ओळ वाया जाते. म्हणून श्वास कोठे घ्यावा, भार कोणत्या शब्दावर द्यावा, कोणती हरकत गाळावी, याचा निर्णय ध्वनिक्षेपकासमोर येण्यापूर्वीच व्हावा लागतो. अर्थ उमगला म्हणजे हा निर्णय सुकर होतो.

तथापि शब्द हाच या तयारीचा एकमेव आधार मानणे एकांगी ठरेल. 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तेवढ्या अवधीत परिपूर्ण वाटते. परंतु तेथे शब्द थोडे, आणि निवड स्वरांची आहे. दोन्ही ठिकाणी समान आहे तो त्याग. अपुऱ्या वेळेवर मात होते ती लय वाढवून नव्हे, तर काय गावयाचे नाही हे आधी ठरवून. देवांच्या सिद्धान्ताचे खरे मोल याच शिस्तीत आहे.