ही कविता तुम्हाला का आवडली? (गुण ४)

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड. फिजिक्स-मॅथ्सचं तिचं ती बघते, पण इंग्रजीची उजळणी माझ्याकडे आली, कारण घरात 'इंग्रजीतून नोकरी करणारा' मी एकटाच. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्या इंग्रजीतले निम्मे शब्द 'अपडेट', 'डिप्लॉय' आणि 'प्लीज डू द नीडफुल' एवढेच आहेत, हे घरी कुणाला माहीत नाही. तेव्हा जानेवारीपासून दर शनिवार-रविवार दौंडला जायचं आणि तिच्यासोबत इंग्रजी युवकभारती उघडून बसायचं, असं ठरलं.

उजळणीचे तीन ढीग होते. व्याकरण, शब्दसंग्रह आणि धडे-कविता. पहिले दोन पटापट हलले. 'टू' काढा, 'नो सूनर... दॅन' वापरा, व्हॉइस बदला. माझ्या वेळीही हेच होतं, फक्त तेव्हा प्रश्नपत्रिका म्हणायचे, आता कृतिपत्रिका म्हणतात. हे वाक्यांचे व्यायाम मला आजही वाईट वाटत नाहीत. जोर-बैठकांना कुणी 'यात सर्जनशीलता कुठे आहे' असं विचारत नाही. तिसऱ्या ढिगात मात्र आम्ही अडकलो, आणि हा लेख त्या अडकण्याबद्दल आहे.

बारावीच्या इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात कवितेचं 'अ‍ॅप्रिसिएशन', म्हणजे रसग्रहण, ४ गुणांना असतं. सोबत मुद्दे दिलेले असतात. कवी, कविता आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, शैली, अलंकार, संदेश किंवा मूल्यं, आणि शेवटी तुमचं मत. मराठीच्या पेपरातही आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असा साचा असतोच. मुद्दे वाचून मला बरं वाटलं. कुठलीही कविता समोर ठेवून हे सहा प्रश्न प्रामाणिकपणे विचारले, तर माणूस त्या कवितेच्या बराच जवळ जाईल. शेवटचा मुद्दा तर थेट समीक्षा मागतो. सतरा वर्षांच्या मुलांना राज्याचं बोर्ड सांगतंय, की तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

मग मी बहिणीची वही पाहिली.

वहीत पाठ्यपुस्तकातल्या आठही कवितांची रसग्रहणं तयार होती. क्लासच्या नोट्स आणि डायजेस्ट यांचं मिश्रण. मी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याला थांबलो. कवीने साध्या पण प्रभावी भाषेत मानवी जीवनाचं सखोल दर्शन घडवलं आहे. प्रतिमा वाचकाच्या मनावर खोल ठसा उमटवतात. मला ही कविता अतिशय आवडली, कारण ती विचार करायला लावते. आठ कविता, आणि विचार करायला लावणारं वाक्य एकच. तिने पेन्सिलीने काही शब्दांभोवती चौकोनही केले होते. "एवढंच बदलायचं, दादा. नाव, कवी, अलंकार, फ्री व्हर्स का बॅलड. बाकी सेम."

आमच्या भाषेत याला मेल मर्ज म्हणतात. मजकूर एक, नावं हजार. पत्रिका छापणाऱ्यालाही हे तंत्र ठाऊक असतं.

मी एक प्रयोग केला. 'फादर रिटर्निंग होम' या दिलीप चित्र्यांच्या कवितेचं रसग्रहण घेतलं, त्यातून शीर्षक आणि कवीचं नाव खोडलं आणि तिथे 'स्मॉल टाउन्स अँड रिव्हर्स' आणि ममांग दाई लिहिलं. मजकुराला काहीही झालं नाही. मुंबईच्या लोकलमधून घरी परतणारा एक थकलेला माणूस आणि ईशान्येकडच्या डोंगरातलं नदीकाठचं गाव एकाच परिच्छेदात सुखाने नांदत होते. मग सदीची 'द इंचकेप रॉक' घेतली. तिच्यात एक दर्यावर्दी चाचा खडकावरची धोक्याची घंटा कापून टाकतो आणि पुढे स्वतःच त्या खडकावर आपटून बुडतो. तिथे 'फ्री व्हर्स' खोडून 'बॅलड' लिहावं लागलं, एवढंच. मानवी जीवनाचं सखोल दर्शन तिथेही घडलंच.

माझ्या कामात मी प्रोग्रॅम लिहितो तसे त्या प्रोग्रॅमच्या चाचण्याही लिहितो. चाचणीची चाचणी घ्यायची एक पद्धत आहे, तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. चालू प्रोग्रॅम मुद्दाम बिघडवायचा, बेरजेच्या जागी वजाबाकी टाकायची, आणि चाचण्या चालवायच्या. बिघडलेल्या प्रोग्रॅमवरही हिरवी टिकमार्क आली, तर ती चाचणी काहीच तपासत नाही. तिच्यापेक्षा चाचणी नसलेली बरी, कारण ही खोटा धीर देते.

मी कविता बदलली. चाचणी हिरवीच राहिली. म्हणजे ते ४ गुण कविता वाचली का हे तपासतच नाहीत.

इथे बोर्डाला शिव्या घालून लेख संपवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. बारावीला दरवर्षी चौदा लाखांच्या आसपास मुलं बसतात, नऊ विभागीय मंडळं आहेत. पेपर तपासणाऱ्या बाईंसमोर गठ्ठे असतात, आणि लातूरच्या मुलाला जसे गुण तसेच रत्नागिरीच्या मुलीला मिळाले पाहिजेत. त्यासाठी मुद्दे लागतात. शिवाय मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजीत स्वतःचं वाक्य लिहायला सांगणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मीही तसाच मुलगा होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पाठ केलेला परिच्छेद हाच भिंतीचा आधार असतो. इंग्रजीत ३५ पडले नाहीत तर वर्ष जातं. ज्याचं वर्ष जाणार आहे त्याला 'मनापासून लिही' असं पुण्यात पगार घेणाऱ्याने सांगू नये.

माझी तक्रार त्या आधाराबद्दल नाही. आधाराच्या नादात आत काय झाकलं जातं, त्याबद्दल आहे. ते आम्हाला कळलं तेही अपघातानेच.

रविवारी रात्री आम्ही 'फादर रिटर्निंग होम' नोट्सशिवाय वाचायला घेतली. कविता इंग्रजीतच लिहिलेली, 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' या १९८० सालच्या संग्रहातली. चित्रे मराठीतही कवी, तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवादक. १९९४ साली मराठी कविता आणि 'सेज तुका' हा अनुवाद, या दोन्हींसाठी त्यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. ही माहिती बहिणीला तोंडपाठ होती, कारण 'कवीविषयी' या मुद्द्यात ती लागते.

पहिला अडथळा शब्दाचा. 'कम्यूटर'. डायजेस्टमध्ये अर्थ होता, 'नियमित प्रवास करणारी व्यक्ती'. तिने तो पाठ केला होता, पण तो शब्द तिला कुणासारखा दिसत नव्हता. मी म्हटलं, "अप-डाऊन करणारा." ती एकदम म्हणाली, "म्हणजे पप्पा." आमचे वडील चोवीस वर्षं दौंड-पुणे अप-डाऊन करतात. शटल, उभं राहून, हडपसरपर्यंत. घरी यायला साडेनऊ. त्यानंतर तिला अर्थ पाठ करावा लागला नाही.

दुसरा अडथळा व्याकरणाचा, आणि तो तिने काढला. कविता सुरू होते तीच 'माझे वडील' अशा ओळखीने. बोलणारा मुलगा आहे. मधेमधे तो 'मी' म्हणून येतोही, वडिलांना गाडीतून उतरताना पाहतो, घरी पांचट चहा पिताना पाहतो. आणि शेवटाकडे येते घरातल्या मुलांची गोष्ट. ती घुमी झालेली मुलं, जी बापाशी आपली गुपितं आणि विनोद वाटून घेत नाहीत. तिथे बहीण थांबली.

"दादा, इथे प्रिंटिंग मिस्टेक आहे."

"कुठे?"

"'हिज चिल्ड्रन' लिहिलंय. पण बोलणारा तर त्यांचाच मुलगा आहे ना? मग 'आम्ही' पाहिजे. 'स्पॉट द एरर'ला आलं तर मी हेच लिहीन."

मी ही कविता कॉलेजात असल्यापासून वाचतोय. मला आवडते असं चारचौघांत सांगितलंय. पण हे सर्वनाम मला कधीच दिसलं नव्हतं. छपाईची चूक नाही, हे मी इंटरनेटवर पाहून घेतलं. मग आम्ही दोघं पुन्हा वरून वाचत आलो. जो इतका वेळ बापाकडे बारकाईने पाहतोय, ज्याला त्याचा मळका रेनकोट दिसतो, मोडकळीला आलेली पुस्तकांची बॅग दिसते, त्याने आरोपाची वेळ आल्यावर स्वतःला मुलांच्या यादीतून काढून घेतलंय. तो म्हणत नाही की आम्ही बोलत नव्हतो. तो म्हणतो, त्याची मुलं बोलत नाहीत. एका सर्वनामाने तो गुन्हा सांगतोही आणि आपण निसटतोही.

डायजेस्टमधला संदेश होता, 'आई-वडिलांचा आदर करावा, त्यांना वेळ द्यावा'. या सर्वनामानंतर तो संदेश वाचवेना. कविता कुणाला उपदेश करतच नाही. उपदेश करायची जागा ज्याची होती, तोच दाराआड उभा आहे. संदेशाचा रकाना भरायचा म्हणून आपण त्या मुलाला बाहेर काढून उपदेशकाच्या खुर्चीवर बसवतो. रिकामा रकाना भरण्यात कवितेचं खरं नुकसान होतं ते हे.

मग आम्ही ती ओळ मराठीत सांगून पाहिली आणि वेगळीच पंचाईत झाली. 'त्याची मुलं' म्हणायचं की 'त्यांची मुलं'? इंग्रजीत 'हिज' एकच. मराठीत वडिलांबद्दल बोलताना आपल्याला निवडावंच लागतं. 'त्यांची' म्हटलं की आदर येतो, आणि मुलगा घरात परततो. 'त्याची' म्हटलं की बाप रस्त्यावरचा कुणीतरी होतो. बहीण बराच वेळ दोन्ही म्हणून बघत होती. शेवटी म्हणाली, "कविता मराठीत लिहिली असती तर त्याला लपता आलं नसतं." हे बरोबर आहे का, मला सांगता येणार नाही. मराठीतही लपायच्या जागा असतीलच. पण वहीतल्या आठ रसग्रहणांत या तोडीचं एकही वाक्य नव्हतं.

या एका जागी उजळणीचे तिन्ही ढीग एकत्र आले होते. शब्दाचा अर्थ, सर्वनामाचा नियम आणि कविता. पेपरात हे तीन वेगवेगळ्या चौकटींत येतात, वेगवेगळे गुण घेऊन. व्याकरणात सर्वनाम कसं बदलायचं ते विचारतात. कवीने ते तसं का ठेवलं, हे कवितेच्या प्रश्नात कुणी विचारत नाही. माझ्या मते एकच प्रश्न बदलला तरी पुष्कळ होईल: 'या कवितेतला असा एक शब्द सांगा, जो बदलला तर कविता बिघडेल. का बिघडेल, ते दोन ओळींत लिहा.' याचं उत्तर दुसऱ्या कवितेला चिकटवता येत नाही. मोडकंतोडकं इंग्रजीही चालेल. आणि तपासणाऱ्या बाईंना ते वाचायला तरी मजा येईल. तुम्ही यंदा परीक्षेला बसणार असाल, तर निदान एवढं करून पाहा. तुमचं पाठ केलेलं रसग्रहण घ्या, कवितेचं नाव बदला. मजकूर तसाच उभा राहिला, तर ती कविता वाचायची अजून बाकी आहे.

त्या रात्री बहिणीने सर्वनामावर चार वाक्यं लिहिली. पहिल्याच वाक्यात काळाची चूक होती, ती मी दुरुस्त केली नाही. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "बोर्डात हे लिहू? तपासणाऱ्यांना खरंच मिस्टेक वाटली तर? एक मार्क गेला तर?"

साडेनऊ वाजून गेले होते. गेट वाजलं, पप्पा आले. चपला काढताना नेहमीसारखं विचारलं, "झाला का अभ्यास?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "झाला."

तिला मी जे सांगितलं ते असं. पहिले पाच मुद्दे वहीतलेच लिही. शेवटचा, 'तुमचं मत', तुझं लिही. एक गुण गेला तर जाऊ दे. हे धाडसाचं उत्तर नाही, मला माहीत आहे. पण तिच्या टक्केवारीतून मला तेवढाच एक गुण मागण्याचा हक्क वाटला.