कंस कुठे संपला, बुवा कुठे सुरू झाले?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, श्रद्धांजलीच्या भाषणात चुकण्यासारखं असतं तरी काय? दोन मिनिटं उभं राहायचं, 'निष्पाप जीव गेले' म्हणायचं, झालं. मला वाटतं, घोळ तिथंच आहे. 'जीव गेले' या वाक्यात मारणारा कुठेच नाही.

आज असं एक भाषण घेऊ, ज्यात मारणारा होता, बघत उभा राहिलेला शेजारीही होता, आणि तरी ते कोसळलं. 10 नोव्हेंबर 1988, बॉन, पश्चिम जर्मनीची संसद. 1938 च्या नोव्हेंबरात देशभर सिनेगॉग जाळली, ज्यूंची दुकानं फोडली आणि सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना छळछावण्यांत धाडलं, त्याला 50 वर्षं झालेली. बोलायला उभे राहिले संसदेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर.

त्यांनी ठरावीक हळहळ टाळली. सामान्य जर्मन माणूस हिटलरवर का भाळला, हे त्या माणसाच्याच मनातून सांगायला घेतलं. बेकारी हटली, देशाची मान वर झाली, आणि ज्यूंचं म्हणाल तर त्यांना थोडा आवर घालायला नको होता का? अशा धर्तीचं. सभागृहात चुळबुळ झाली, काही सदस्य उठून गेले. दुसऱ्या दिवशी येनिंगरांचा राजीनामा!

आता बघा, येनिंगर काही नाझींची बाजू घेत नव्हते. मग काय चुकलं? आपल्याकडे 'म्हणे' हा एवढासा शब्द आहे. तो लावला की बोलणं दुसऱ्याचं होतं. कीर्तनात बुवा कंस उभा करतात तेव्हा आवाज बदलतो, मान ताठ होते. मागं बसलेल्या आजीलाही कळतं, आता कंस बोलतोय. येनिंगरांनी सगळं एका सुरात, कागदावरून वाचलं.

पण सगळा दोष सुरावर टाकून त्यांना मोकळं करणारे आहेत, त्यांचं मला अर्धंच पटतं. 1989 मध्ये ज्यू समाजाचे नेते इग्नात्स बुबिस यांनी याच भाषणातले भाग आपल्या भाषणात वापरले. कुणी हरकत घेतली नाही. बुबिस स्वतः छावणीतून वाचलेले. ऐकणाऱ्यांच्या कानांनी 'म्हणे' आपणहून लावून घेतलं. राज्याच्या खुर्चीवरून बोलणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि मिळूही नये. द्वेष कसा बोलत होता हे त्यानं जरूर ऐकवावं, पण आपण स्वतः कुठे उभे आहोत ते वाक्यावाक्याला दाखवत.

उठून गेलेल्यांचंही मला फारसं कौतुक नाही हं. 'तेव्हा लोक खूश होते', हे अवघड वाक्य ऐकणं त्यांचं आपसूक टळलं.

एक फोटो मात्र विसरता येत नाही. भाषणाआधी इडा एरे या ज्यू अभिनेत्रीनं पाउल सेलान यांची कविता म्हटली होती. नंतर येनिंगर बोलत असताना त्या हातांनी चेहरा झाकून बसलेल्या दिसतात. सगळ्यांनी धरून चाललं, भाषणानं त्या हादरल्या. पुढे त्यांनी सांगितलं, भाषणाकडे आपलं लक्षच नव्हतं, आपण अजून त्या कवितेतच होतो.