सत्तारोहणाचे चित्रण आणि ऐतिहासिक सत्य : ‘रामशास्त्री’ व ‘घाशीराम कोतवाल’ या चित्रपटांचा विचार

प्रास्ताविक

ऐतिहासिक व्यक्तीच्या सत्तारोहणावर आधारलेल्या नाटक-चित्रपटांची मराठीतील चर्चा बहुधा दोन टोकांना होत आली आहे. एका बाजूला पोशाख, तिथी, नातेसंबंध यांतील चुकांची यादी केली जाते. दुसऱ्या बाजूला कलाकृती म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, असे सांगून चर्चा थांबविली जाते. दोन्ही भूमिकांत काही तथ्य आहे. परंतु दोन्हींमुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो. एखाद्या व्यक्तीच्या हाती अनिर्बंध सत्ता कोणी दिली, कोणत्या परिस्थितीत दिली आणि त्या सत्तेच्या दुरुपयोगाचा जाब अखेर कोणाला द्यावा लागला, हा तो प्रश्न होय. जुलमी सत्तेच्या उदयाची कथा सांगणाऱ्या कलाकृतीची ऐतिहासिक सत्यता प्रामुख्याने या प्रश्नाच्या उत्तरात शोधावी लागते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने ‘रामशास्त्री’ (१९४४) आणि ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) या दोन चित्रपटांचा विचार केला आहे.

दोन्ही चित्रपटांची घटनाभूमी पेशवेकालीन पुणे असली तरी त्यांची पडताळणी करण्याची साधने मोठ्या प्रमाणात सातारा व सांगली या जिल्ह्यांतून पुढे आली आहेत. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यात झाला. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी त्यांचा वाडा आहे आणि त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह ‘मेणवली दप्तर’ या नावाने अभ्यासकांना परिचित आहे. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी या कागदांच्या संकलनात मोलाची भूमिका बजावली. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड (१८९८) वाई येथे मिळालेल्या कागदांतून सिद्ध झाला. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२ साली नानांचे चरित्र लिहिले आणि पुढे पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेतून प्रसिद्ध केली. रामशास्त्री प्रभुणे हेही साताऱ्याजवळच्या माहुलीचे. या भूभागातील वाचकाला आणि प्रेक्षकाला पडद्यावरील इतिहास दप्तराशी ताडून पाहण्याची सोय अशा प्रकारे घराजवळच उपलब्ध झाली आहे.

‘रामशास्त्री’ : सत्तापहरण आणि न्याय

प्रभात फिल्म कंपनीच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर व राजा नेने यांच्या नावावर आहे. प्रौढ रामशास्त्रींची भूमिका जागीरदारांनीच केली. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे काम करणारा अशिक्षित मुलगा काशीस जाऊन विद्वान होतो आणि पेशव्यांचा न्यायाधीश बनतो, ही परंपरेने चालत आलेली कथा सर्वपरिचित आहे. नाट्याचा कळस मात्र ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावांच्या वधाशी निगडित आहे. रघुनाथरावांनी पुतण्याच्या वधानंतर पेशवेपद मिळविले आणि रामशास्त्रींनी त्यांना दोषी ठरवून पुणे सोडले. न्यायाधीशपद सोडल्यावर ते वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले.

या कथेचा कणा इतिहासाला धरून आहे. ‘ध’चा ‘मा’ करण्याची गोष्ट मात्र लोकस्मृतीत कितीही पक्की रुजलेली असली तरी तिला अस्सल पत्राचा आधार मिळालेला नाही. आख्यायिका म्हणून तिचा विचार करताना एक बाब लक्षात येते. तिच्यामुळे सत्तापहरणाचा सारा दोष एका स्त्रीच्या हस्ताक्षरात येऊन साठतो. गारद्यांचा थकलेला पगार, वाड्यातील गटबाजी आणि कैदेतील काकांच्या महत्त्वाकांक्षेला मिळालेले पाठबळ ही कारणे मग अंधारात राहतात. अशा आख्यायिकेचा दोष तपशिलापुरता मर्यादित नसतो. तिच्यामुळे कार्यकारणभावच बदलतो.

चित्रपटाची दुसरी मर्यादा त्याच्या गुणातूनच निर्माण झाली आहे. निःस्पृह न्यायाधीश आणि अपहारक सत्ताधीश यांचा समोरासमोरचा संघर्ष अत्यंत परिणामकारक आहे. पण त्यामुळे अन्यायाचे निवारण एका तेजस्वी व्यक्तीच्या बाणेदारपणाने होते, असा समज दृढ होतो. प्रत्यक्षात निवाड्याने रघुनाथरावांची सत्ता संपली नाही. ती संपविण्यासाठी नाना फडणीस, सखाराम बापू, हरिपंत फडके आदींना बारभाईंचे कारस्थान उभारावे लागले आणि नारायणरावांच्या मरणोत्तर जन्मलेल्या पुत्राच्या नावाने कारभार हाती घ्यावा लागला. न्यायाला राजकीय संघटनेचे बळ मिळाले तेव्हाच तो प्रत्यक्षात आला. याच बारभाईंतून पुढे नानांच्या हाती सत्ता एकवटत गेली, आणि येथूनच दुसऱ्या चित्रपटाचा विषय सुरू होतो.

‘घाशीराम कोतवाल’ : सौदा आणि साधन

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पुण्यात रंगभूमीवर आणले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले आणि पुढे कलावंतांनी स्थापन केलेल्या थिएटर अकॅडमीने १९७४ पासून ते पुन्हा सुरू केले. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने त्यावर चित्रपट केला. के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप व सईद मिर्झा ही नावे त्याच्या दिग्दर्शनाशी जोडलेली आहेत. पटकथा तेंडुलकरांची, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे, तर घाशीरामाच्या भूमिकेत ओम पुरी यांचे चित्रपटसृष्टीतील पदार्पण. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात प्रत जपली गेल्याने हा चित्रपट आजच्या अभ्यासकाला पुन्हा पाहता येतो.

इतिहासातील घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७७ साली तो पुण्याचा कोतवाल झाला. शहराचा बंदोबस्त, रात्रीच्या हालचालींवरील नियंत्रण, बाजारावरील देखरेख आणि किरकोळ तंट्यांचा निकाल असे व्यापक अधिकार त्या पदाकडे होते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या लोकांनी तेलंग ब्राह्मणांना पकडून अरुंद जागेत कोंडले. वीसहून अधिक जण गुदमरून मरण पावले. मानाजी फाकडे यांनी कोठडी उघडविल्यावर हा प्रकार उजेडात आला. शहर खवळले आणि ३१ ऑगस्ट रोजी घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले. दगडांच्या माऱ्यात त्याचा अंत झाला. ही घटना लोकांच्या मनातून पुसली गेली नाही. १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी घाशीराम कोतवालाच्या नावाने पुस्तक लिहिले, यावरून तिचे दीर्घायुष्य लक्षात येते.

तेंडुलकरांनी या सांगाड्यात जो सौदा बसविला तो निर्णायक आहे. घाशीराम आपली मुलगी नानांच्या वासनेच्या स्वाधीन करतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवितो. नानांच्या अनेक विवाहांची नोंद इतिहासात आहे. त्यांच्या शेवटच्या पत्नी जिऊबाई पुढे अनेक वर्षे मेणवलीस राहिल्या. परंतु बहुविवाह हा त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील रिवाज आणि कोतवालीच्या मोबदल्यात एखाद्याची मुलगी घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. हा सौदा कलाकृतीची निर्मिती आहे. तसेच चौदा वर्षांचा कोतवालीचा काळ आकसून एका सूडकथेएवढा झाला आहे. तपशिलाच्या कसोटीवर चित्रपट येथे उतरत नाही, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे.

मात्र जबाबदारीच्या कसोटीवर चित्र वेगळे दिसते. १७९१ मध्ये शिक्षा झाली ती कोतवालाला; कोतवालाला नेमणारा आणि चौदा वर्षे पदावर ठेवणारा कारभारी आपल्या जागी कायम राहिला. जमावाचा संताप एका माणसावर दगड मारून शमला आणि कारभाराची रचना होती तशीच राहिली. हे सत्य नाटकाने व चित्रपटाने अचूक पकडले आहे. सत्ताधीश आपल्या सोयीसाठी जुलमी हस्तक निर्माण करतो आणि गरज संपताच त्याला लोकांपुढे टाकतो, हे आशयसूत्र दप्तराच्या विरोधात जात नाही.

एकाच काळाची दोन चित्रे

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवल्यावर एक महत्त्वाची बाब समोर येते. रामशास्त्री १७८९ साली निधन पावले. घाशीराम १७७७ पासून कोतवाल होता. बारभाईंच्या राजवटीत रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आलेले असल्याने मराठी मनातील सर्वांत निःस्पृह न्यायाधीश आणि सर्वांत जुलमी कोतवाल यांचा कार्यकाळ एकाच शहरात, एकाच कारभाऱ्याच्या अमलाखाली अनेक वर्षे समांतर चालला. ‘रामशास्त्री’ची कथा १७७३ च्या कळसाभोवती गुंफलेली असल्याने तिच्या प्रेक्षकाला कोतवाली भेटत नाही, ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाच्या पात्रयोजनेत रामशास्त्रींना स्थान नाही.

या वगळण्यामागे कथानकाची सोय आहे. पण त्याचा परिणाम खोलवर होतो. पहिल्या चित्रपटाचा प्रेक्षक पेशवाईला न्यायाचे युग समजतो, दुसऱ्याचा प्रेक्षक तिला संपूर्ण अधःपतनाचे युग समजतो. इतिहास या दोन्हींहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. उत्तम न्यायाधीश असूनही शहराचा बंदोबस्त जुलमी हातांत राहू शकतो, कारण वरिष्ठ न्यायासन आणि रस्त्यावरची कोठडी यांच्यातील अंतर कोणी मोजत नाही. तेलंग ब्राह्मणांचे मृत्यू त्या अंतरात झाले. हे सहअस्तित्व दाखविणारा चित्रपट मराठीत अद्याप झालेला नाही.

नाना खरोखर सर्वसत्ताधीश होते काय?

‘घाशीराम कोतवाल’मधील गंभीर ऐतिहासिक त्रुटी सौद्याच्या प्रसंगाइतकीच नानांच्या सत्तेच्या स्वरूपात आहे. कलाकृतीतील नाना बेबंद, सुखलोलुप आणि निर्धास्त आहेत. पटवर्धन दप्तरातून आणि तत्कालीन पत्रव्यवहारातून दिसणारे नाना सतत सावध, हिशेबी आणि इतरांच्या फौजेवर अवलंबून असलेले कारभारी आहेत. घाशीरामाचा अंत झाला त्या काळात तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्धच्या मोहिमेत कर्नाटकात होते आणि महादजी शिंदे उत्तरेत. पुण्यातील अधिकार नानांचा असला तरी तलवार त्यांची नव्हती.

सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर (ऑक्टोबर १७९५) ही बाब उघड झाली. १७९६ साली परशुरामभाऊंनी चिमाजी आप्पांना पेशवेपदी बसविण्याचा डाव स्वीकारला तेव्हा नानांना पुणे सोडून सातारा, वाई आणि पुढे महाडकडे सरकावे लागले. त्यांनी कारस्थानाने बाजी उलटविली आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले. पण वर्षभरातच, १७९७ अखेर, शिंद्यांच्या सेनाधिकाऱ्याने नानांना कैद केले व त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात दिवस काढावे लागले. १८०० साली नाना निवर्तले. असा कारभारी शहरावर धाक ठेवण्यासाठी एखाद्या घाशीरामावर विसंबतो यात नवल नाही. ज्याच्या सत्तेला स्वतःचे सैन्य नाही त्याला कोतवालाची काठी अधिक प्रिय असते. ही असुरक्षितता दाखविली असती तर नाना निर्दोष ठरले नसते. उलट घाशीरामाच्या नेमणुकीचे कारण वासनेऐवजी राजकारणात सापडले असते आणि कलाकृतीचा आरोप अधिक बळकट झाला असता.

आक्षेप, समर्थन आणि माध्यमभेद

नाटकाविरुद्धचा वाद १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी न्यायालयापर्यंत गेला आणि प्रयोगापूर्वी खुलाशाचे निवेदन करण्याचा तोडगा निघाला. विरोधकांचा भर नानांच्या प्रतिमेवर होता, समर्थकांचा कलास्वातंत्र्यावर. तेंडुलकरांनी तर ही कृती ऐतिहासिक नाटक नसल्याचे आरंभीच स्पष्ट केले होते. रंगभूमीवर हा खुलासा घाटातूनच होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून सूत्रधार आणि गणपती रंगमंचावर आले की समोर ‘खेळ’ सुरू होतो आहे, हे मराठी प्रेक्षक ओळखतो. नाचणारी, झुलणारी ब्राह्मणांची रांग हीच भिंत होते तेव्हा ती पुण्याची हुबेहूब प्रतिकृती नाही, हे उघडच असते.

चित्रपटात खरे वाडे, खरी माती, खरा उजेड येतो. दिग्दर्शकांनी दीर्घ चित्रणखंड आणि अवास्तव शैली वापरून अंतर राखण्याचा प्रयत्न केला असला, तरी कॅमेऱ्यासमोरची वस्तू साक्षीपुराव्यासारखी भासते. म्हणून पडद्यावर खऱ्या व्यक्तीचे नाव वापरताना जबाबदारी वाढते. बंदी हा त्यावरचा उपाय नाही. तथापि ज्या कृत्याला दप्तरात आधार नाही ते कृत्य खऱ्या नावाला चिकटवायचे असेल, तर कल्पित कोठे सुरू होते हे प्रेक्षकाला कळण्याची सोय कलाकृतीत असली पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

हा प्रश्न केवळ मराठी नाही. २००३ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘हिटलर : द राइज ऑफ ईव्हिल’ या मालिकेच्या संहितेशी आरंभी संबंधित असलेले चरित्रकार इयन केर्शॉ यांनी नंतर आपले नाव काढून घेतले. जन्मतःच राक्षस असलेला हिटलर पडद्यावर उठून दिसतो; पण ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलर नेमणारे हिंडेनबुर्ग आणि त्याला आपण आवरू शकू असे मानणारे फॉन पापेन यांच्याशिवाय त्याचा उदय समजत नाही. हस्तक आपल्या मुठीत राहील हा पापेन यांचा हिशेब आणि चित्रपटातील नानांचा हिशेब एकाच जातीचा आहे. फरक इतकाच की पुण्यात हस्तक बळी गेला आणि बर्लिनमध्ये हस्तकानेच साऱ्यांना गिळले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की सत्तारोहणाच्या चित्रपटांची ऐतिहासिक सत्यता तपशील, कार्यकारण आणि जबाबदारी अशा तीन पातळ्यांवर तपासली पाहिजे. ‘रामशास्त्री’ तपशिलात बराचसा विश्वासार्ह असला तरी राजकीय कार्यकारण व्यक्तीच्या सद्गुणात विरघळवितो. ‘घाशीराम कोतवाल’ तपशिलात स्वैर, कार्यकारणात अंशतः चुकलेला, पण जबाबदारीच्या प्रश्नावर अधिक निर्भीड आहे. कोणताही एक चित्रपट दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

मेणवलीचा वाडा आज अनेकांना ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाच्या चित्रीकरणामुळे ठाऊक आहे. त्या वाड्यातून निघालेल्या कागदांचा परिचय मात्र फार थोड्यांना असतो. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी हे दोन चित्रपट दाखविताना खरेशास्त्रींनी छापलेली पत्रेही विद्यार्थ्यांच्या हाती दिली, तर घाशीराम कोणी घडविला हा प्रश्न त्यांना स्वतःहून पडेल, आणि तो पडला की त्याचे उत्तर पेशवाईपुरते मर्यादित राहणार नाही.