बिदरी पानदान काळं कशामुळे होतं? एका 'मुळे'ची तपासणी

लिटरेचर रिव्ह्यू करताना जे वाक्य सगळीकडे तसंच्या तसं सापडतं, त्याच्यापाशी जरा थांबा. आज असंच एक वाक्य तपासू. त्यासाठी वस्तू घेऊ बिदरी पानदान.

पानठेल्यावरच्या स्टीलच्या डब्यांची सवय असलेल्या आपल्या नागपूरकरांना पानदान ही मानाची वस्तू होती हे सांगावं लागतं. इंडोनेशिया-मलेशियातही पान-सुपारी-चुन्यासाठी सोन्या-चांदीचे नक्षीदार डबे घडवले गेले. लातूर-नांदेडच्या सीमेपलीकडच्या बिदरचं पानदान मात्र अख्खं चांदीचं नसतं. अंग जस्ताचं, त्यात थोडं तांबं. चांदीची तार किंवा पातळ पत्रा फक्त कोरलेल्या खाचांत ठोकून बसवतात. कलावस्तू म्हणून मला ते अख्ख्या चांदीच्या डब्याहून सरस वाटतं. चकाकत्या चांदीत नक्षी हरवते, तर मंद काळ्या अंगावर प्रत्येक वेल सुटी दिसते.

आता ते वाक्य: 'बिदर किल्ल्याच्या मातीमुळे बिदरी काळी होते.'

माती नवसागराच्या पाण्यात कालवून गरम वस्तूवर चोळतात. अंग काळं पडतं, चांदी तशीच राहते. इथवर निरीक्षण झालं. पण 'मुळे' म्हणायला एवढं पुरेसं आहे का? इथे निदान तीन घटक आहेत: माती, नवसागर आणि मिश्रधातूतलं तांबं. निव्वळ जस्तावर तो गडद काळा थर येत नाही, तांबं लागतंच. म्हणजे सगळं श्रेय मातीला देता येत नाही. मातीचा वाटा नेमका किती, हे बघायचं तर मिश्रधातू आणि नवसागर तेच ठेवून माती बदला. मग माती तीच ठेवून तांब्याचं प्रमाण बदला. कंट्रोल म्हणतात तो हाच.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. कारागीर माती जिभेवर चाखून पारखतात, मिश्रधातूचं प्रमाण सांभाळतात, रंग कधी उतरला ते नजरेनं ठरवतात. सगळं 'जादूच्या माती'वर ढकललं की हे ज्ञान आपल्या लिखाणातून गायब होतं. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भूगोलात मातीइतकीच तिथली माणसंही येतात.

पुढचा पेपर वाचताना प्रत्येक 'मुळे'खाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि समासात लिहा: दुसरं काय बदलून बघितलं?