व्यक्ती आणि वंश : शार्ल कॉर्दिए यांची शिल्पकला

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कलेत पौर्वात्य विषयांची जी लाट आली, तिचा विचार बहुधा चित्रकारांच्या अनुषंगाने होतो. शिल्पकलेत मात्र तिचा समर्थ प्रतिनिधी म्हणून शार्ल कॉर्दिए (१८२७–१९०५) यांचाच उल्लेख प्रथम करावा लागतो. कांब्रे येथे जन्मलेल्या आणि फ्रांस्वा र्‍यूद यांच्यापाशी शिकलेल्या कॉर्दिए यांनी १८४८ साली पॅरिसच्या ‘सालों’ प्रदर्शनात दारफूरच्या सैद अब्दल्लाचा अर्धपुतळा मांडला. त्याच वर्षी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. आणि ज्याच्यावरून हा पुतळा घडला तो पुरुषही एकेकाळी गुलामच होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या शिल्पाची ब्राँझ प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली.

पुढे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी त्यांनी मानववंशांचे अर्धपुतळे घडविले आणि १८५६ साली ते अल्जीरियास गेले. तेथील ऑनिक्स दगडाने त्यांच्या कलेला नवे अंग दिले. ओर्से संग्रहालयातील सुदानी पुरुषाच्या शिल्पात काळसर ब्राँझच्या मस्तकाखाली या दगडाचे वस्त्र आहे. त्याच्या नैसर्गिक रेषाच जणू कापडाच्या चुण्या होतात. शुभ्र संगमरवराच्या अभिजात परंपरेला हे रंगवैभव रुचणे कठीणच होते.

सौंदर्य ही कोणा एका वंशाची मिरासदारी नव्हे, हा विचार कॉर्दिए यांनी १८६२ साली पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे मांडला. त्या काळी तो निःसंशय धाडसाचा होता. परंतु त्यांची रीत या विचाराला पुरती अनुकूल नव्हती. अनेक व्यक्ती पाहून, पारखून एका मुखात त्या वंशाचे सार आणणे हे त्यांचे ध्येय होते. सौंदर्य सर्वांना मिळाले. व्यक्तित्व मात्र वर्गीकरणाच्या स्वाधीन झाले. पुतळ्याखाली बहुधा माणसाचे नाव येत नाही, त्याचा देश किंवा वंश येतो. याच शिल्पकाराने कैरो येथे इब्राहिम पाशाचा अश्वारूढ पुतळा उभारला, तेव्हा तो नावानिशी उभारला. सत्ताधीशाला नाव आणि प्रजेला जात, हा भेद साम्राज्याच्या युगाचा आहे. कॉर्दिए त्यातून सुटले नाहीत.

तथापि शिल्पे पाहताना हा निवाडा अपुरा वाटू लागतो. सैद अब्दल्लाच्या किंचित वळलेल्या मानेत आणि अंतर्मुख दृष्टीत जे आहे, ते मोजमापांतून येणारे नव्हे; समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाकडे तन्मयतेने पाहिल्यावाचून ते हाती लागत नाही. कॉर्दिए यांचा सिद्धांत नमुना शोधीत होता, पण त्यांच्या बोटांना माणूस सापडला. २०१९ साली ओर्से संग्रहालयाने कृष्णवर्णीय प्रतिमाविषयांवर प्रदर्शन भरवून त्यांच्या हरवलेल्या नावांचा शोध घेतला. या शिल्पांचे खरे मूल्यमापन याच दिशेने व्हावयास हवे. कारण कलावंताने मुखावर जे कोरले, ते नामफलकावर लिहिण्याचे काम त्याच्या युगाने मागे ठेवले आहे.