चित्रपटाची प्रेरणा आणि कादंबरी : मानुएल पुइग यांच्या निमित्ताने

आधुनिक वाङ्मयावर चित्रपटाचा परिणाम झाला आहे, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. एखाद्या कथेतील प्रसंग तुटक येऊ लागले, वर्णन बारकाईचे झाले, की समीक्षक तिच्या शैलीला 'चित्रपटीय' हे विशेषण लावून मोकळा होतो. परंतु लेखकाने चित्रपटातून नेमके घेतले काय, आणि जे घेतले त्याचे वाङ्मय कसे झाले, हा प्रश्न या विशेषणाने सुटत नाही. त्याचा विचार येथे मुख्यतः एका कादंबरीच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. प्रसंगांची आलटून पालटून केलेली जोडणी ही चित्रपटाने वाङ्मयाला दिलेली देणगी होय, असे पुष्कळदा मानले जाते. सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९४४ साली डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्यावर लिहिलेल्या निबंधात नेमके उलट प्रतिपादन केले आहे. ग्रिफिथ यांच्या समांतर जोडणीचे मूळ त्यांना डिकन्सच्या कादंबऱ्यांत दिसले. दुसरे उदाहरण जॉन डॉस पॅसोस यांच्या 'यू. एस. ए.' या कादंबरीत्रयीचे (१९३०–३६) आहे. तीतील काही भागांना 'कॅमेऱ्याचा डोळा' असे शीर्षक आहे. प्रत्यक्षात हेच भाग सर्वांत अंतर्मुख आहेत. त्यांत लेखकाच्या व्यक्तिगत आठवणींचा संज्ञाप्रवाह वाहतो. नाव यंत्राचे आणि आशय मनाचा! तेव्हा तंत्रसादृश्यावरून प्रेरणेचा निर्णय करणे धोक्याचे आहे.

मानुएल पुइग (१९३२–१९९०) यांचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक बोधप्रद वाटते. अर्जेंटिनातील पम्पास प्रदेशातल्या जनरल व्हिजेगास या लहानशा गावी त्यांचे बालपण गेले. आईबरोबर चित्रपट पाहणे हा तेथील त्यांचा नित्यक्रम होता. पुढे ते रोमला चित्रपटाच्या शिक्षणासाठी गेले व पटकथा लिहू लागले. पण त्यांना यश आले ते कादंबरीत. 'रिटा हेवर्थने केलेला विश्वासघात' (१९६८) या त्यांच्या पहिल्या कादंबरीत तोतो नावाचा मुलगा आवडत्या चित्रपटावर शालेय निबंध लिहितो. तो चित्रपट सांगता सांगता मुलाचे स्वतःचे एकाकीपणच निबंधात उतरते. पुइग यांच्या पुढील कलेचे बीज येथे आहे.

ते पूर्णपणे फळले 'कोळी-स्त्रीचे चुंबन' (१९७६) या कादंबरीत. ब्वेनोस आयरेसच्या तुरुंगातील एका कोठडीत दोन कैदी आहेत. मोलिना हा दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविणारा समलिंगी पुरुष. व्हॅलेंटिन हा राजकीय क्रांतिकारक. रात्री वेळ जावा म्हणून मोलिना चित्रपटांच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट जाक तुर्नर यांच्या 'कॅट पीपल' (१९४२) या चित्रपटाची आहे. कादंबरीत निवेदक जवळजवळ नाहीच. बहुतांश मजकूर निव्वळ संवादाचा आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोठडीत पडदा नाही. वाचकाच्या वाट्याला चित्रपट येतो तो केवळ शब्दांनी, तोही मोलिनाच्या स्मृतीतून गाळून. नायिकेच्या पोशाखावर व घराच्या सजावटीवर तो रेंगाळतो. व्हॅलेंटिन मध्येच अडवून अर्थ लावतो, चेष्टा करतो. सांगणाऱ्याने काय ठेवले आणि ऐकणाऱ्याने काय नाकारले, यांतून दोघांची स्वभावचित्रे तयार होतात. म्हणजे चित्रपटाने या कादंबरीला दृष्टी दिली, यापेक्षा सांगण्याला विषय दिला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ही प्रेरणा निव्वळ पलायनवादी आहे, असा आक्षेप संभवतो. व्हॅलेंटिन स्वतःच तो घेतो. मोलिना एका नाझी प्रचारपटाची गोष्ट त्यातील प्रेमकथेच्या मोहाने सांगतो, तेव्हा आक्षेपाची धार वाढते. पुइग आक्षेप टाळत नाहीत. चित्रपटाची मोहिनी खरी, आणि तिच्या आडून येणारे असत्यही खरे, हे दोन्ही ते वाचकासमोर ठेवतात. शेवटी सुटका झाल्यावर मोलिना व्हॅलेंटिनचा निरोप पोहोचविण्याच्या प्रयत्नात मारला जातो. आणि छळाने जर्जर झालेला, मॉर्फिनच्या गुंगीतला व्हॅलेंटिन चित्रपटासारखे स्वप्न पाहतो. कथा सांगणाऱ्याने कृती पत्करली. कृतीच्या उपासकाला कथेने आधार दिला. ही अदलाबदल हाच कादंबरीचा गाभा होय. समलिंगी वृत्तीविषयीच्या मानसशास्त्रीय उपपत्ती देणाऱ्या तिच्यातील दीर्घ तळटीपा मात्र कथेशी एकजीव झालेल्या नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संवादांनी जे सहज साधले, त्याला या टीपांनी फारशी भर पडत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येईल. व्यंकटेश माडगूळकर यांनी चित्रपटांसाठी लेखन केले, एवढ्यावरून 'बनगरवाडी'तील (१९५५) दृश्यमयतेचे श्रेय चित्रपटाला देता येणार नाही. ते उत्तम रेखाचित्रेही काढीत, आणि माणदेश त्यांनी पडद्यावर पाहिलेला नव्हता. प्रभावाचा दावा करणाऱ्याने चित्रपटाची कोणती गोष्ट लेखनात आली आणि येताना ती कशी पालटली, हे दाखविले पाहिजे. नवोदित लेखकालाही हीच कसोटी उपयोगी पडेल. पाहिलेले दृश्य हुबेहूब कागदावर उतरविण्यात त्याचा पराभव ठरलेला आहे, कारण ते काम पडदा अधिक चांगले करतो. तेच दृश्य कोणी, कोणाला व कशासाठी सांगावे, हे त्याने ठरविले, म्हणजे वाङ्मयाचा आरंभ होतो.