गार्बोचा चेहरा घडवला कोणी?

ग्रेटा गार्बोविषयी लिहिणाऱ्याला ‘गूढ’ हा शब्द सहसा टाळता येत नाही. रोलाँ बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातल्या छोट्याशा निबंधाने तर तिच्या चेहऱ्याला प्लेटोच्या आदर्शरूपाची प्रतिष्ठा दिली. तेव्हापासून हा चेहरा म्हणजे निसर्गाची देणगी आणि कॅमेऱ्याने ती केवळ टिपली, असा समज रूढ झाला. मला तो अपुरा वाटतो. बार्थ यांच्यासमोर ‘क्वीन क्रिस्टिना’ हा चित्रपट होता. जगाच्या स्मरणातली गार्बो मात्र बरीचशी छायाचित्रांतून आली आहे.

१९२५च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलरबरोबर ती न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा १९ वर्षांची होती. १९०६च्या भूकंपानंतरचे सॅन फ्रान्सिस्को टिपणाऱ्या आर्नोल्ड गेंटने तिची छायाचित्रे काढली आणि ‘व्हॅनिटी फेअर’ने त्याच वर्षी त्यांतले एक छापले. हॉलिवूडमध्ये तिला भेटली रूथ हॅरिएट लुईस. एमजीएमने आपला पोर्ट्रेट स्टुडिओ या २२ वर्षांच्या मुलीकडे नुकताच सोपवला होता. मोठ्या स्टुडिओत असे काम सांभाळणारी ती पहिली स्त्री. किंचित मागे कललेली मान, अर्धवट मिटलेल्या पापण्या, थकवा आणि ओढ यांचे मिश्रण, ही गार्बोची ओळख लुईसच्या छायाचित्रांत साकारत गेली. १९२९च्या अखेरीस लुईसने स्टुडिओ सोडला आणि १९४०मध्ये ती बाळंतपणात वारली. तिचे नाव पुढे इतके मागे पडले, की तिच्या कामाचा सविस्तर अभ्यास पुस्तकरूपाने यायला २००२ साल उजाडले. ‘गूढ’ या शब्दाने एका स्त्रीचे कष्ट असे झाकले गेले.

१९२९पासून १९४१पर्यंत, गार्बोने चित्रपट सोडेपर्यंत, तिची अधिकृत पोर्ट्रेट्स जवळजवळ सगळी क्लॅरेन्स सिंक्लेअर बुलने काढली. बुल कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेतो. दागिने, पोशाख, पार्श्वभूमी यांना तो अंधारात ढकलतो. वरून येणाऱ्या प्रकाशात पापण्यांची सावली गालावर उतरते. १९३१मध्ये त्याने तिचा चेहरा इजिप्तच्या स्फिंक्सवर बसवला. बुलच्या कामातली ही मला सर्वांत कमकुवत कृती वाटते, कारण प्रकाशाने जे सुचवले होते, ते इथे पाटी लावून सांगितले आहे.

या सगळ्यात गार्बोचा वाटा काय? ‘रोमान्स’ (१९३०) या चित्रपटासाठी जॉर्ज हरेलने तिची छायाचित्रे काढली. हरेल पुढे हॉलिवूडचा सर्वांत गाजलेला पोर्ट्रेट छायाचित्रकार झाला, तरी ती त्याच्यासमोर पुन्हा बसली नाही, बुलकडेच परतली. १९२८मध्ये एडवर्ड स्टायकेनला चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत जेमतेम काही मिनिटे मिळाली होती. चित्रपटासाठी केलेली ती केशरचना आड येते, असे तो बोलून गेला. तिने दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि उघडा चेहरा समोर धरला. ते छायाचित्र स्टायकेनचे म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातली निर्णायक हालचाल गार्बोची आहे. समोर कोण, किती वेळ आणि चेहऱ्याचे काय द्यायचे, हे ती ठरवत होती. अशी निवड हेही कलावंताचेच काम नव्हे काय?

म्हणूनच १९४६चा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. पासपोर्टसाठी फोटो हवेत म्हणून ती सेसिल बीटनसमोर बसली. ते फोटो ‘व्होग’मध्ये झळकले, तिने मान्य केले होते त्याहून अधिक संख्येने, आणि ती संतापली. छायाचित्रे उत्तम आहेत, करार मात्र मोडला होता. पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पाळत ठेवणाऱ्यांनी करार हा शब्दच उरू दिला नाही. त्यांच्या फोटोंत दिसतात टोपी, काळा चष्मा आणि चेहऱ्यासमोर धरलेला हात.

लोक त्या हाताला विक्षिप्तपणा म्हणतात. मला तिथे स्टायकेनसमोरचीच गार्बो दिसते. तेव्हा हात केस बाजूला सारत होते, आता हात चेहरा झाकतो. दोन्ही वेळा निर्णय तिचा. १९९०मध्ये ती गेली. तिच्या छायाचित्रांकडे पाहताना ती किती सुंदर होती, हा प्रश्न आता संपलेला आहे. हे छायाचित्र तिने दिलेले आहे की तिच्याकडून हिसकावलेले, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावा लागेल.